मुदत टळलेली रसद

दिल्लीतील करोल बाग म्हटली की लग्नाचे शालू, सोन्याचे दागिने, मोटरसायकलींचे सुटे भाग आणि गफ्फार मार्केटातला विलायती माल एवढेच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते; परंतु याच गजबजलेल्या वस्तीत हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले, आणि १९२१ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले ते आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजही आहे, आणि तेथे शिकविल्या जाणाऱ्या शास्त्रांत जुन्या अन्नाविषयी जी आदरबुद्धी आढळते तिचा उल्लेख या लेखाच्या आरंभी करणे मला अगत्याचे वाटते. जुने तूप, जुना मध, जुना तांदूळ, जुना गूळ यांना आयुर्वेदाने औषधाचा मान दिला. हकिमांनी मुरब्बे आणि माजून बरण्यांत भरून वर्षानुवर्षे राखून ठेवले. कालाने सर्वच अन्न बिघडते, असे आपल्या वैद्यांनी कधी मानले नाही. काही पदार्थ काळाने नासतात, काही मुरतात, आणि काही नासतही नाहीत की मुरतही नाहीत, नुसते टिकून राहतात. या तिसऱ्या जातीत फौजेची रसद मोडते.

रसद म्हणजे येथे छावणीच्या लंगरात रोज शिजणारे अन्न अभिप्रेत नाही. मोहिमेवर निघालेल्या, चूल मांडण्याची सवड वा सोय नसलेल्या शिपायाने पाठीवर वाहून न्यावे, उन्हापावसात महिनोन्‌महिने बाळगावे आणि वेळ येईल त्या दिवशी उघडून खावे, या हेतूने सरकारने मक्तेदारांकडून बांधून घेतलेला जो डबाबंद वा पुडीबंद शिधा असतो, त्याविषयी मी लिहीत आहे. लढाई संपली की असा शिधा कोठारात पडून राहतो, लिलावात निघतो, किंवा कुणा निवृत्त शिपायाच्या ट्रंकेत विसरला जातो. आणि गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांमध्ये असे जुने डबे हुडकून, त्यांना चांगली किंमत मोजून, ते उघडून चाखण्याचा छंद असलेली माणसे निपजली आहेत. स्टीव्ह या नावाने जगभर ओळखला जाणारा एक अमेरिकी गृहस्थ त्यांत अग्रणी मानला जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळचे, १८६३ सालचे कडक बिस्किट त्याने चावून पाहिले आहे. बोअर युद्धात ब्रिटिश शिपायांना दिलेला, एका कप्प्यात आटवलेल्या मांसाचा गोळा आणि दुसऱ्यात कोकोचा लगदा असलेला आपत्कालीन डबाही त्याने उघडला आहे. डबा उघडताना हवेचा फुसकारा होतो की नाही, आतल्या पत्र्यावर गंज किती चढला आहे, चरबी पिवळी आहे की तपकिरी, वास कोणत्या जातीचा आहे, हे सारे तो चित्रफितीत अत्यंत शांतपणे आणि क्रमाने सांगतो, मग जिभेवर लहानसा तुकडा ठेवतो, आणि न पटल्यास थुंकूनही टाकतो.

प्रथमदर्शनी हा शुद्ध आचरटपणा वाटतो. मी स्वतः असला डबा चाखलेला नाही आणि चाखण्याची इच्छाही नाही. तथापि या छंदाकडे काही काळ लक्षपूर्वक पाहिल्यानंतर माझे मत थोडे बदलले. ऐतिहासिक साधनांमध्ये आपण कागद वाचतो, नाणी तपासतो, शस्त्रे हाताळतो. परंतु मेलेल्या शिपायाच्या तोंडात जो घास गेला असता तोच घास शंभर वर्षांनी घेता यावा, असे साधन या डब्याखेरीज दुसरे मला ठाऊक नाही.

डबाबंद अन्नाचा जन्मच मुळी फौजेच्या गरजेतून झाला. क्रांतीनंतरच्या युद्धांत गुंतलेल्या फ्रेंच सरकारने अन्न टिकवण्याची नवी रीत शोधणारास बक्षीस जाहीर केले होते, आणि निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची युक्ती काढून १८१० साली १२,००० फ्रँक मिळविले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरांड याने कल्हईच्या पत्र्याच्या डब्यांचे पेटंट घेतले, आणि दोन-तीन वर्षांतच डाँकिन आणि हॉल यांच्या कारखान्यातले डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले. गंमत अशी की, हे अन्न का टिकते हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. नासण्याचे कारण सूक्ष्म जंतू आहेत हे लुई पाश्चर सांगणार होता, त्यास अजून अर्धशतकाचा अवकाश होता. कारण न जाणताच उपाय सापडला, आणि तो पक्का सापडला.

किती पक्का, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. उत्तर ध्रुवाकडच्या जलमार्गाच्या शोधार्थ १८२४ साली निघालेल्या पॅरी या कप्तानाच्या गलबतावरचा भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा न उघडता परत आला, पुढे संग्रहालयात जाऊन बसला, आणि १९३८ च्या सुमारास ड्रमंड आणि लुईस या रसायनशास्त्रज्ञांनी तो उघडून आतले मांस उंदरांना काही दिवस खाऊ घातले, तेव्हा उंदरांना कसलाही अपाय झाला नाही. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या मिसूरी नदीत १ एप्रिल १८६५ रोजी बुडालेल्या बर्ट्रँड या आगबोटीचे. तिचा गाळात रुतलेला माल शंभरावर वर्षांनी बाहेर काढण्यात आला, आणि १९७४ साली तिच्यावरील डबाबंद टोमॅटो, पीच, कालवे वगैरेंची प्रयोगशाळेत तपासणी झाली. रंग गेला होता, ताजेपणाचा वास गेला होता, अ आणि क ही जीवनसत्त्वे जवळजवळ नाहीशी झाली होती. परंतु प्रथिने बहुतेक शाबूत होती, आणि जंतूंचा मागमूस नव्हता. काळ अन्नातून काय नेतो आणि काय ठेवतो याचा हिशेब या एका अहवालात मिळतो: मन रिझविणारे ते प्रथम जाते, प्रकृती राखणारे त्यामागून, आणि पोट भरणारे सर्वांत शेवटी.

म्हणूनच जुन्या डब्यांचे चाखणारे लोक जे सांगतात त्यात आश्चर्य वाटण्यासारखे थोडे असते. साखर आणि मीठ यांना काळ शिवत नाही. पीठ, पाणी आणि मीठ यांचे भाजून कोरडे केलेले बिस्किट दगडाच्या जातीचे असल्यामुळे त्याला भय कीड आणि ओल यांचेच. चरबी मात्र हवेच्या लेशमात्र संपर्काने खवट होते, आणि साखर व प्रथिने एकत्र आलेला कोणताही पदार्थ, मग ते दूध असो वा जॅम घातलेले पक्वान्न, हळूहळू तपकिरी होत जाऊन कडवटपणाकडे झुकतो. या साऱ्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात. स्थूलमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचा वेग दुप्पट होतो. अमेरिकी फौजेच्या आजच्या तयार जेवणाच्या पाकिटाने सुमारे २७ अंश सेल्सियसला तीन वर्षे टिकावे अशी अट असते, पण तेच पाकीट ३८ अंशांत ठेवल्यास केवळ सहा महिन्यांची हमी उरते. हिंदुस्थानात अर्धशतकापूर्वीची फौजी रसद चाखल्याच्या कहाण्या क्वचितच ऐकू येतात त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते. दिल्लीच्या ज्येष्ठातल्या उन्हात, करोल बागेतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेला डबा एका उन्हाळ्यात जेवढा म्हातारा होईल, तेवढे व्हायला इंग्लंडातल्या तळघरातल्या डब्यास कित्येक वर्षे लागतील.

येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. बोट्युलिनम नावाचे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात, त्यांची बीजे उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीत, आणि म्हणूनच आंबट नसलेले अन्न डबाबंद करताना ते दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागते. ही क्रिया अपुरी राहिली, किंवा पुढे गंजाने डब्यास सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर आत तयार होणारे विष प्राणघातक असते, आणि त्याला वास किंवा चव असेलच असे नाही. फुगलेला डबा निदान स्वतःची तक्रार स्वतः सांगतो. न फुगलेल्याच्या बाबतीत नाक हा भरवशाचा पंच नव्हे. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या डब्यांचे सांधे शिशाने जोडलेले असत. १८४५ साली ध्रुवप्रदेशात निघून नाहीशा झालेल्या फ्रँकलिनच्या माणसांच्या अस्थींत शिसे मोठ्या प्रमाणात आढळले, आणि ते कुठून आले याविषयीच्या वादात डब्यांचे नाव वारंवार घेतले जाते.

परंतु चव आणि विष यांच्या पलीकडे या डब्यांत आणखी एक गोष्ट असते, आणि माझ्या मते तीच खरी चाखण्याजोगी आहे. सरकारने शिपायाविषयी मनाशी काय कल्पना बांधली होती, ती या डब्यात जशी बंद झालेली असते तशी कोणत्याही फर्मानात वा जाहीरनाम्यात सापडत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाच्या पाठीवर खारवलेल्या मांसाचा डबा, बिस्किटे, चहा आणि साखर असा अखेरचा शिधा असे, आणि अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तो उघडणे हा गुन्हा होता. म्हणजे अन्न त्याचे, पाठ त्याची, परंतु भुकेवर अंमल साहेबाचा. १९३७ साली अमेरिकी फौजेच्या कॅप्टन पॉल लोगन याने हर्शी कंपनीकडे चॉकलेटच्या वडीची मागणी नोंदविली, तीत वजन, पोषण आणि उन्हात न वितळणे यांबरोबर अशीही अट होती की, तिची चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा किंचितच बरी असावी. वडी रुचकर झाली तर शिपाई ती संकटाची वाट न पाहताच फस्त करील, ही भीती. कंपनीने अट तंतोतंत पाळली, आणि शिपायांनी त्या वड्यांना जन्मभर शिव्या दिल्या.

आमच्या मुलखात या विषयाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. पन्हाळगडावरचा अंबरखाना, त्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या नावांची अवाढव्य कोठारे, ज्यांनी पाहिली असतील त्यांना बेगमी या गोष्टीला राज्यकारभारात काय स्थान होते हे वेगळे सांगावयास नको. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकापूर्वीच्या काळात चिपळुणाकडच्या आपल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र तर सर्वस्वी रसदेचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, भाजीपाला हवा तर बाजारातून विकत आणा, आणि रात्री दिवे जळते ठेवाल तर उंदीर पेटती वात पळवून नेतील व गवताला आग लागेल: इतक्या बारकाव्याने छत्रपती आपल्या कारकुनांशी बोलतात. त्या पत्रातल्या उंदरावर अनेकांनी कौतुकाने लिहिले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, उपाशी शिपाई काय करील याची पूर्ण आणि निर्मम जाण त्यात आहे.

ती जाण असूनही प्रसंग ओढवतात, याची साक्ष दिल्लीपासून थोड्याच अंतरावर आहे. १७६० च्या पावसाळ्यात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकून तेथील धान्यसाठा हाती केला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला, रसदेचा रस्ता तुटला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जी फौज लढावयास उतरली ती उपाशीपोटी उतरली. पराभवाची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत. कोठीवाल्याची वही त्यांत फार वर येते, असे माझे मत आहे.

मात्र शिपायाच्या पोटाविषयी सरकारची कल्पना चुकली म्हणजे काय होते, याचे जितके शास्त्रशुद्ध आणि तितकेच करुण उदाहरण कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मिळते, तितके अन्यत्र मिळणे कठीण. मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या त्या गावात जनरल टाउन्सेंड याच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कोंडून धरली. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूची शेतकऱ्यांची पोरे. रसद संपत आली तेव्हा तोफा ओढणारी घोडी आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यास आरंभ झाला. गोऱ्या पलटणींनी ते मुकाट्याने खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, नकार दिला. सरकारने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून अनुज्ञेच्या तारा मागविल्या. तारा आल्या, परंतु शिपायाची अडचण धर्मशास्त्रात नव्हतीच. उद्या गावी परतल्यावर पंक्तीत बसू देतील की नाही आणि लेकीला स्थळ मिळेल की नाही, या प्रश्नांना तारेत उत्तर नव्हते. अखेरीस एप्रिलमध्ये, सेनापतीने कडक हुकूम काढल्यानंतर, अनेकांनी ते मांस खाण्यास आरंभ केला. तोवर उशीर झाला होता.

या वेढ्याच्या वैद्यकीय इतिहासात एक विलक्षण गोष्ट नोंदली गेली आहे. पांढऱ्या मैद्याचा पाव आणि डबाबंद मांस यांवर जगणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, आणि कोंड्यासह दळलेली कणीक खाणाऱ्या हिंदी शिपायांना तो झाला नाही. उलट ताजे मांस व भाजी दोन्ही न मिळालेल्या हिंदी शिपायांच्या हिरड्या स्कर्व्हीने सुजून रक्ताळल्या, आणि घोड्याचे मांस खाणारे गोरे त्यातून वाचले. पुढे गोऱ्यांनाही कणीक आणि जव यांवर आणावे लागले, तेव्हा त्यांचा बेरीबेरी आटोक्यात आला. जीवनसत्त्वे हा शब्द त्या वेळी नुकताच जन्मला होता; कुतच्या वेढ्याने त्याचा पाठ हजारो माणसांच्या अंगावर लिहून काढला. लष्करी रसदेच्या तक्त्यात हिंदी शिपायाच्या नावापुढे कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ, मिरची, हळद असे रकाने व्यवस्थित भरलेले होते. भाजीचा रकाना मात्र बाजारावर सोडलेला होता, आणि वेढ्यात बाजार नसतो. भुकेलेली माणसे शेतातले गवत आणि रानपाला उपटून उकडून खाऊ लागली, आणि त्यातल्या विषारी पाल्याने कित्येकांचे हाल झाले.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या फौजेस आकाशातून अन्न पुरविण्याचा जगातला हा बहुधा पहिलाच प्रयोग, आणि तो तुटपुंजा ठरला. काही पोती तैग्रिसमध्ये पडली. दळण्याची साधने मोडकळीस आल्यामुळे जात्याचे दगडही विमानातून टाकावे लागले. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन वेढा फोडून येऊ पाहणारी जुलनार ही आगबोट तुर्कांनी वाटेत पकडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. शरण आलेल्यांना तुर्कांनी जी रसद वाटली ती म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शिपायांची, विटेसारखी कडक, जाडीभरडी काळपट बिस्किटे. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या पोटांना ती सोसली नाहीत. कित्येक कैदी ती अधाशीपणे खाऊन आतड्यांच्या विकाराने दगावले. आज कुणा संग्राहकाच्या हाती तसले एखादे बिस्किट लागले आणि त्याने त्याचा कण चाखून पाहिला, तर त्याला पीठ आणि कोंडा यांखेरीज काहीही लागणार नाही, आणि वेढ्यातल्या माणसाला ते कसे लागले असेल याची कल्पना त्या चवीवरून मुळीच यावयाची नाही. या छंदाची मर्यादा हीच आहे: डबा टिकतो, भूक टिकत नाही.

दिल्लीच्या इंडिया गेटवर मेसोपोटेमियाचे नाव कोरलेले आहे, आणि तेथे सहलीस जाणाऱ्या हजारोंपैकी ते वाचणारे थोडेच. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव, जेथून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत आणि ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात, ते आणि करोल बाग यांच्यामध्येही एक धागा आहे. करोल बागेच्या बीडनपुरा, रेगरपुरा या भागांत सोने-चांदी गाळणारे जे मराठी गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाले आहेत, ते बहुतांशी शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतले. एका बाजूच्या दुष्काळाने पोरांना पलटणीत धाडले, दुसऱ्या बाजूच्या दुष्काळाने भट्टीवर. दोघांच्याही प्रवासाची शिदोरी एकच होती: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि चणे. तेल कमी, पाणी नाही, तिखट-मीठ भरपूर. अन्न टिकविण्याचे सारे शास्त्र त्यात आहे, आणि कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी आहे.

दुसऱ्या महायुद्धात सरकारची कल्पना थोडी सुधारली होती. १९४३ साली ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांच्या पाठीमागे घुसलेल्या विंगेटच्या चिंडिट तुकडीत प्रत्येक माणसाच्या रोजच्या शिध्याचा तपशील असा होता: शकरपारा बिस्किटे १२ औंस, मनुका व बदाम ९ औंस, चीज २ औंस, साखर ४ औंस, दुधाची भुकटी, चहा, मीठ, आंबट गोळ्या किंवा चॉकलेट, २० सिगारेटी आणि काड्यापेटी. लिव्हरपूलच्या गोऱ्या पलटणीने आमच्या दिवाळीच्या फराळातल्या शंकरपाळ्यांच्या भावंडांवर रानावनात दिवस काढले, ही गोष्ट मला आजही मोठी मौजेची वाटते. करोल बागेतल्या हलवायाकडे आजही तराजूने मिळणारा हा पदार्थ युद्धास का निवडला गेला, हे कोणत्याही मराठी गृहिणीला चटकन उमजेल: पाण्याचा अंश तळून काढलेला, साखर आणि स्निग्धांश भरपूर, वजनाच्या मानाने बळ अधिक, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दोन महिने सहज टिकणारा. अर्थात बारा औंस शंकरपाळे रोज खाणे म्हणजे काय, हे दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी आपणा सर्वांना कळतेच. शिवाय एवढाही शिधा त्या माणसांना रोज मिळाला नाही. तीन हजारांतले सुमारे आठशे परत आले नाहीत, आणि जे आले त्यांतले शेकडो पुन्हा लढण्याच्या कामाचे उरले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हे काम आपले आपण करण्याची पाळी आली. १९६१ च्या डिसेंबरात म्हैसूर येथे संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि तिने जे प्रश्न हाती घेतले ते वाचताना कुतच्या वेढ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हिंदी शिपायाला पाव नको, पोळी हवी. ती बुरशी न धरता कित्येक महिने मऊ कशी ठेवावी? डाळ-भात, पुलाव, बटाट्याची भाजी, शिरा हे पदार्थ पत्र्याच्या जड डब्याऐवजी हलक्या पिशवीत कसे भरावे? पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पॉलिप्रोपिलीन असे तीन थर एकमेकांवर चिकटवून केलेली पिशवी, ती भरून, बंद करून, दाबाखाली वाफेने तापविण्याची पद्धत, आणि धूररहित इंधनाची टिकिया, या साऱ्यांतून आजचे जेवणाचे पाकीट तयार झाले. १९८४ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी राकेश शर्मा अंतराळात गेले ते याच प्रयोगशाळेचे खाद्यपदार्थ बरोबर घेऊन, आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेस आपली फौज सियाचेनच्या हिमनदीवर उतरली. तिथल्या उंचीवर भूकच मरते, चवीची जाणीव बोथट होते, आणि शिपायाला बळजबरीने खावे लागते. तेथे रुचकर असणे हा चैनीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न होतो. म्हणजे कॅप्टन लोगनच्या बटाट्याच्या नेमके उलट गणित.

हे तंत्र पुढे खाजगी कारखानदारांना देण्यात आले, एमटीआरसारख्या नावांनी ते बाजारात उतरले, आणि आता करोल बागेतल्या कुठल्याही वाण्याकडे राजमा, पालक-पनीर, पावभाजी अशी पाकिटे फळीवर उभी असतात. नाईवालाच्या गल्ल्यांत बुलेट मोटरसायकलींना पेट्या, कठडे आणि जादा पेट्रोलचे डबे बसवून लडाखला निघणारी तरुण मंडळी तीच पाकिटे झोळीत भरून नेतात. ज्या रस्त्याने फौजेची रसद वर चढते, त्याच रस्त्याने फौजेच्या रसदेचे हे वंशज हौशी प्रवाशांच्या पाठीवर चढतात. त्यांची चव बरी असते, फार बरी नसते. मीठ आणि मसाला थोडा चढा, भाज्यांचा दाताला लागणारा कडकपणा गेलेला, आणि सर्व पदार्थांना एक समान शिजलेला वास. १२१ अंशांची किंमत ती एवढीच, आणि ती वाजवी आहे.

आता वाचकांना एक विनंती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांत, आणि तेथून दिल्लीस, मुंबईस गेलेल्या कुटुंबांत, फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांच्या काळ्या ट्रंका अजून माळ्यावर पडलेल्या आहेत. त्यांत एखादा न उघडलेला डबा, बिस्किटाची पुडी किंवा चहाची टिकली सापडली तर ती कुतूहलापोटी उघडू नये, आणि चाखू तर मुळीच नये. डबा फुगला असेल किंवा झिरपत असेल तर हातमोजे घालून, पिशवीत गुंडाळून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा टाकून द्यावा. चांगल्या स्थितीत असेल तर त्यावरचे शिक्के, साल, कारखान्याचे नाव आणि वजन एका कागदावर उतरवून घ्यावे, चारी बाजूंनी छायाचित्रे काढावी, आजोबांची पलटण कोणती आणि डबा कोणत्या मोहिमेतला हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून त्याच कागदावर लिहावे, आणि मग बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्रास किंवा जवळच्या संग्रहालयास पत्र पाठवून त्यांना तो हवा आहे का, हे विचारावे.